नाशिकमध्ये घर घेताना भावाआधी तारखा विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबडच्या कारखान्यात नोकरी, इंदिरानगरला भाड्याचं घर. पाथर्डी फाट्याच्या पुढे एका चालू बांधकामात 62 लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. वडिलांच्या नावावर म्हसरूळला 1998 मध्ये घेतलेला एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. त्याला साधारण 40 लाख येतील, ते विकून बाकीचं कर्ज काढायचं. कुंभ जवळ आल्याने भाव वाढतील म्हणतात, मग आत्ताच घ्यावं का? आणि शेजारच्या जुन्या सोसायटीपेक्षा नव्या इमारतीची घरपट्टी इतकी जास्त कशी?

तीन वेगळे प्रश्न वाटतात, पण मी त्यांचं उत्तर एकाच बाजूने देईन. नाशिकमध्ये जागेचा भाव घोषणांवर हलतो, पण तुमच्या खिशातून किती जाणार हे तारखांवर ठरतं. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम पूर्ण झाल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र) कधी मिळाला, घरपट्टीची पहिली आकारणी कधी झाली, प्लॉट कधी घेतला, साठेखत (बिल्डरशी होणारा खरेदीचा करार) कधी नोंदवलं. लोक चौरस फुटामागे 100 रुपये कमी करायला बिल्डरच्या ऑफिसात तीन तास बसतात आणि या तारखा विचारतच नाहीत.

आधी कुंभाचं बघू, कारण सध्या प्रत्येक एजंटच्या तोंडी तेच आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान, असा कार्यक्रम जाहीर झाला आहे. त्यानिमित्त रस्ते, पूल, घाट, रिंगरोड यांची कामं होतात, आणि त्यांचा फायदा शहराला होतो हे खरंच. पण कुंभामुळे फ्लॅटला मागणी येत नाही. साधू आणि भाविक येतात, स्नान करतात, जातात. कोणी आडगावला टू बीएचके घेत नाही. 2015 चा कुंभ आठवा. त्याच्या आधी हीच भाषा होती. कुंभ संपला, पुढच्या वर्षी नोटाबंदी आली, 2017 मध्ये रेरा (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आणि जीएसटी आले, आणि त्याच सुमारास आपल्या गावचा खास ‘कपाट’ घोळ गळ्याशी आला. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा खोलीत घेतली गेली, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) मर्यादेबाहेर गेला आणि तयार इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. लोक राहायला गेले, हप्ते सुरू झाले, दाखला मात्र नाही. त्या काळात घेतलेले कित्येक फ्लॅट अनेक वर्षं घेतल्या भावाच्या आसपासच फिरत राहिले.

घोषणांचंही तसंच. फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटींची तरतूद वाचून दाखवली गेली. लगेच माहितीपत्रकांत ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ छापून आलं. रूळ तर सोडाच, खांबही उभा नाही. समृद्धी महामार्ग मात्र झाला. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर 701 किलोमीटर पूर्ण झाले. पण तो सिन्नर, इगतपुरी तालुक्यांतून जातो, नाशिक शहरातून नाही. त्याचा परिणाम गोदामं आणि जमिनींवर जास्त, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर बेताचाच. माझा साधा नियम आहे: जे डोळ्यांना दिसतं आणि ज्यावरून आज गाडी जाते, त्याचेच पैसे मोजायचे. पाथर्डी फाट्याला खरी मागणी आहे ती अंबड-सातपूरच्या नोकरदारांची आणि हायवेची. तुमच्यासारख्यांची. ती कुंभानंतरही राहील, म्हणून कुंभाच्या आधी घाई करण्याचं कारण नाही आणि नंतर भाव कोसळतील म्हणून थांबण्याचंही नाही.

आता 62 लाखांचे खरे किती होतात ते पाहू. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि त्यावर 1 टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार, मिळून 6 टक्के. म्हणजे 3 लाख 72 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी 5 टक्के, म्हणजे 3 लाख 10 हजार. बेरीज 69 लाख 12 हजार, आणि यात मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, एमएसईबीचं मीटर, वकील, फर्निचर काहीच नाही. इथे पहिली तारीख येते. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर, तोवर एकही पैसा दिलेला नसताना तोच फ्लॅट घेतला तर जीएसटी शून्य. त्यामुळे चालू बांधकामाचा आणि तयार फ्लॅटचा भाव तुलनेला घेताना आधी ते 5 टक्के मिळवा, मग ‘बुकिंगला स्वस्त’ म्हणजे नक्की किती स्वस्त ते कळेल. त्यात ताबा मिळेपर्यंतचं तुमचं इंदिरानगरचं भाडंही धरा.

परवडणाऱ्या घराला 1 टक्का जीएसटी आहे, आणि यात नाशिककरांना एक फायदा आहे जो मुंबईकरांना नाही. महानगरांत त्यासाठी चटई क्षेत्राची मर्यादा 60 चौरस मीटर आहे. नाशिक त्या यादीत नसल्याने इथे ती 90 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 968 चौरस फूट. चांगला ऐसपैस टू बीएचके त्यात बसतो. अडचण किमतीच्या अटीची: 45 लाख. आणि हे 45 लाख नुसत्या फ्लॅटचे नाहीत, पार्किंग, विकास शुल्क, मोक्याच्या जागेचा जादा आकार असं सगळं धरून. 45 लाखांवर कर होतो 45 हजार. 46 लाख झाले की दर 5 टक्के आणि कर 2 लाख 30 हजार. एका लाखासाठी 1 लाख 85 हजारांचा जादा कर! 46-47 लाखांत अडकलेला व्यवहार असेल तर भाव उतरवायला हा सर्वांत सरळ मुद्दा आहे. बिल्डरलाही तो पटतो. तुमचा फ्लॅट 62 लाखांचा असल्याने तुम्हाला याचा उपयोग नाही, पण म्हसरूळ, मखमलाबाद, चेहेडीकडे पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी मूल्यदर यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. रेडी रेकनर म्हणजे हेच वार्षिक मूल्यदर तक्ते. सलग काही वर्षं ते जैसे थे होते. 1 एप्रिल 2025 ला वाढले तेव्हा राज्याची सरासरी वाढ 4.39 टक्के होती आणि नाशिक महापालिका क्षेत्राची 7.31 टक्के. पुण्यात 4.16. म्हणजे आपली वाढ पुण्याहून बरीच जास्त. याचा त्रास गंगापूर रोड, कॉलेज रोडला होत नाही, तिथे बाजारभाव सरकारी दराच्या वरच असतो. त्रास होतो जुन्या पंचवटीत, नाशिकरोडच्या आतल्या गल्ल्यांत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला. तिथे खरी किंमत सरकारी मूल्याखाली जाऊ शकते. फरक 10 टक्क्यांपर्यंत असेल तर आयकर खातं चालवून घेतं. त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर, आणि घेणाऱ्यालाही तो फरक उत्पन्न म्हणून. दोघांनाही! म्हणून टोकन देण्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-मूल्यांकन काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हो, ‘थोडे रोख द्या, मुद्रांक वाचेल’ हा सल्ला देणारे गावात कमी नाहीत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर ती स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. प्लॉट विकताना पैसे स्वीकारणारे तुमचे वडील असतील, हे विसरू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे प्लॉट. इथे दोन तारखा आहेत: 1 एप्रिल 2001 आणि 23 जुलै 2024. प्लॉट 2001 च्या आधीचा असल्याने खरेदी किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य धरता येतं, फक्त ते त्या दिवसाच्या सरकारी मूल्याहून जास्त धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या. आणि मालमत्ता 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेली असल्याने निवासी व्यक्तीला निवड मिळते: महागाई निर्देशांक (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा सरकारी आकडा) न लावता 12.5 टक्के, किंवा निर्देशांक लावून 20 टक्के.

समजा 2001 चं मूल्य 2 लाख आलं. 2001-02 चा निर्देशांक 100 धरून 2025-26 चा 376 आहे, म्हणजे 2 लाखांचे झाले 7 लाख 52 हजार. 40 लाखांतून ते वजा जाता 32 लाख 48 हजार नफा, त्यावर 20 टक्के म्हणजे जवळपास साडेसहा लाख. निर्देशांक न लावता 38 लाखांवर 12.5 टक्के म्हणजे पावणेपाच लाख. इथे 12.5 फायद्याचा. पण सगळ्यांनाच नाही. मघाशी म्हटलं तसा एखादा अडकलेला फ्लॅट घ्या: 2013-14 मध्ये 30 लाखांना घेतलेला, आता 50 लाखांना विकला. तेव्हाचा निर्देशांक 220. वाढवलेली खरेदी किंमत 51 लाखांवर जाते, नफाच उरत नाही, कर शून्य. 12.5 टक्क्यांनी मात्र अडीच लाख भरावे लागले असते. म्हणून ‘आता साडेबारा टक्के आहे’ एवढं ऐकून चलन भरू नका. दोन्ही गणितं मांडा. (उपकर वरून वेगळा.)

हा पावणेपाच लाखांचा कर पूर्ण वाचू शकतो, आणि इथेच बहुतेक कुटुंबं चुकतात. प्लॉट विकून आलेली पूर्ण विक्री रक्कम, नुसता नफा नव्हे, राहत्या घरात गुंतवली तर सूट मिळते. अट अशी की विकणाऱ्याकडे विक्रीच्या दिवशी एकाहून जास्त दुसरं घर नसावं. पण सूट ज्याने प्लॉट विकला त्याला आहे. प्लॉट वडिलांचा आणि फ्लॅट तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर घेतला, तर वडिलांची सूट धोक्यात. पैसे मुलाला बक्षीस दिले तर त्यावर मुलाला कर नाही हे खरं, पण वडिलांचा कर उभाच राहतो.

पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, 62 लाखांवर 62 हजार. एप्रिल 2021 पासून ही सवलत निवासी घरांना मिळते आणि पुढची 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही अटही 2023 मध्ये काढली गेली. खरेदीदारांत एकही पुरुष असला की ती जाते. म्हणून तुमच्यापुढे निवड आहे: पत्नीच्या नावावर 62 हजार वाचवायचे, की वडिलांचं नाव घालून पावणेपाच लाख. माझा सल्ला, साठेखतात वडील आणि तुम्ही दोघं या, वडिलांचे 40 लाख त्यांच्याच खात्यातून बिल्डरला जाऊ द्या आणि करारात दोघांचे हिस्से स्पष्ट लिहा. सर्वसाधारण सोय म्हणून पत्नीचं नाव चांगलंच, पण या व्यवहारात नाही.

त्यात दोन खाचखळगे आहेत. तयार घर विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं, बांधकाम चालू असलेलं तीन वर्षांत पूर्ण व्हावं लागतं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जे पैसे लागलेले नसतील ते बँकेच्या भांडवली लाभ खात्यात ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात नाही. त्यामुळे प्लॉट विकण्याच्या आधी महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाची पूर्ण होण्याची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे ते पाहा. दुसरा मुद्दा कराचा नाही, घरातला आहे. फ्लॅटमध्ये वडिलांचा हिस्सा आला की त्यांच्या पश्चात तो सगळ्या वारसांचा. बहीण असेल तर तिच्याशी आत्ताच बोला आणि वडिलांना मृत्युपत्र करू द्या. मी पाहिलेले निम्मे वाद कराचे नसून या न बोललेल्या गोष्टीचे असतात.

जाता जाता शेतजमीनवाल्यांसाठी: ‘शेतजमिनीला कर नाही’ हे नाशिकच्या आसपास बहुतेकदा खरं नसतं. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरपर्यंतची जमीन करपात्र मालमत्ता धरली जाते, आणि 2011 च्या जनगणनेतच नाशिक 14 लाख 86 हजारांचं होतं. आडगाव, मखमलाबाद तर हद्दीतच. चांदशी, विल्होळी हद्दीच्या अगदी लगत.

घरपट्टीकडे येतो. मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर लागतो, नाशिकमध्ये तो करयोग्य मूल्यावर, म्हणजे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं या गृहीतावर. त्यातून 10 टक्के दुरुस्तीसाठी वजा करतात. हा गृहीत दर एकदा लागला की सहसा तोच राहतो. तुकाराम मुंढे आयुक्त असताना 1 एप्रिल 2018 पासून नव्याने आकारणी होणाऱ्या मिळकतींचे दर एकदम वाढवले गेले. मोकळ्या जागांवरच्या करावरून शेतकरी रस्त्यावर आले, महासभा तापली, नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली झाली. पण जुन्या आणि नव्या मिळकतींमधली दरी राहिली. शेजारच्या सोसायटीची आकारणी त्या तारखेच्या आधीची आहे, तुमची नंतरची असेल. सेवा सारख्या, रस्ता तोच, बिल वेगळं. हे मला अन्यायाचं वाटतं. नवीन घर घेणारा आधीच कर्जाखाली असतो आणि शहराचा वाढीव भार त्याच्याच डोक्यावर. मात्र यावर उपाय म्हणून जुन्यांचे दर एका रात्रीत वाढवणं कोणत्याही नगरसेवकाला पेलणारं नाही.

म्हणून पुनर्विक्रीचा फ्लॅट पाहताना घरपट्टीचं बिल मागून पहिल्या आकारणीचं वर्ष बघा. त्यासोबत थकबाकीही. थकीत रकमेवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, वर्षाला 24, आणि थकबाकी मालकाबरोबर जात नाही, मिळकतीला चिकटून राहते. बेकायदा बांधकामाला कराच्या दुप्पट शास्ती कायद्यात आहे. वाढवलेल्या गच्चीवरचं पत्र्याचं शेड किंवा पार्किंगमध्ये काढलेली खोली बिल्डर ‘बोनस’ म्हणून देत असेल तर तो बोनस तुमच्या बिलात येऊ शकतो. चालू वर्षाची घरपट्टी आगाऊ भरली तर सुरुवातीच्या महिन्यांत सूट असते, एप्रिलमध्ये सर्वांत जास्त. खरेदीनंतर महापालिकेच्या दप्तरी नाव लावायला विसरू नका. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) झाला म्हणजे नाव लागलं, असं नाही.

कर्जाचं गणित बरं आहे. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) फेब्रुवारी 2025 मध्ये 6.50 वरून उतरू लागला आणि डिसेंबरमध्ये 5.25 वर आला. 25 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी 8 टक्क्यांनी धरलं तर हप्ता 21 हजारांच्या आत येतो. आयकरात मात्र गृहकर्जाच्या व्याजाची 2 लाखांची वजावट राहत्या घरासाठी फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवीन प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नसल्याने तुमच्या पगाराच्या बहुतेक माणसांना तीच सोयीची पडते. म्हणजे ‘कर वाचवायला कर्ज काढा’ हे जुनं वाक्य आता कालबाह्य आहे.

शेवटचं, पाण्याचं. पाथर्डी फाट्यापुढे वालदेवीच्या बाजूला जागा असेल, किंवा आणखी कोणी आनंदवल्ली, पंचवटी, गंगापूर रोडची नदीकाठची जागा बघत असेल, तर विकास आराखड्यावर निळी आणि लाल पूररेषा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. सप्टेंबर 2008 आणि ऑगस्ट 2019 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना गोदाकाठचा दुतोंड्या मारुती (ज्यावरून नाशिककर पूर मोजतात ती मूर्ती) कुठवर बुडाला होता ते विचारा. निळ्या रेषेच्या आत नवी बांधकाम परवानगी जवळपास मिळत नाही. दोन रेषांमध्ये मिळते पण जोत्याच्या उंचीच्या अटीवर, आणि पुढे पुनर्विकासाच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी वडिलांच्या प्लॉटचा उतारा आणि 2001 चं मूल्यांकन, मग महारेरावर प्रकल्पाची तारीख, मग ई-मूल्यांकन. हे तिन्ही हातात आल्यावर बिल्डरकडे जा. त्याच पट्ट्यात पूर्णत्वाचा दाखला मिळालेला पण न विकलेला फ्लॅट 65 लाखांच्या आत मिळत असेल तर मी चालू बांधकाम सोडून तोच घेईन. जीएसटी नाही, भाडं लगेच बंद आणि वडिलांच्या करसवलतीवर तीन वर्षांची टांगती तलवार नाही. साठेखत करताना किंमत 50 लाखांवर असल्याने 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून तुम्हालाच भरायचा आहे. तो बिल्डरच्या रकमेतून जातो, वरून नाही, एवढं त्याच्या अकाउंटंटला आधीच सांगून ठेवा.